जुनी आहे म्हणून नाही, दुरुस्त होत राहिली म्हणून टिकली



मागच्या व्हिडिओखाली एका भावानं विचारलं, "सर, वेबसाइट पीएचपीत बनवून देतो म्हणतात. ती तर जुनी भाषा. पैसे बुडतील का?" प्रश्न रास्त आहे. माझं मत सरळ सांगतो. जुन्या भाषेनं पैसे बुडत नाहीत, वाऱ्यावर सोडलेल्या वेबसाइटनं बुडतात.

1994 मध्ये रासमुस लेरडॉर्फ या माणसानं आपला ऑनलाइन बायोडेटा किती लोक बघतात हे कळावं म्हणून काही छोटी साधनं लिहिली. 1995 मध्ये ती सगळ्यांना खुली केली. भाषा वगैरे बनवायचा विचारही नव्हता! पण त्यातूनच पीएचपी वाढली. वर्डप्रेस तिच्यावर चालतं. फेसबुकची सुरुवात तिच्यात झाली. 2003 च्या महाराष्ट्र दिनाला सुरू झालेला मराठी विकिपीडिया आज ज्या सॉफ्टवेअरवर चालतो, तेही पीएचपीतच आहे.

लोकांनी तिला नावं ठेवली, आणि ती सगळी खोटी नव्हती. नियमांत मेळ नव्हता, सुरक्षेच्या चुका सहज व्हायच्या. सहाव्या आवृत्तीत जगातल्या सगळ्या लिपी आतूनच सांभाळायचा घाट घातला, काही वर्षं घालवली, जमेना म्हणून सोडून दिला. मग 2015 च्या डिसेंबरात थेट सातवी आवृत्ती आली, आधीपेक्षा कितीतरी वेगवान. 2020 मध्ये आठवी आली. धंदा करणाऱ्यानं यातून एक गोष्ट उचलावी : फसलेल्या मालात पैसा ओतत बसू नका.

मूर्तिजापूरकरांना तर हे वेगळं सांगायला नको. आपली शकुंतला आठवा. एका बाजूला यवतमाळ, दुसऱ्या बाजूला अचलपूर, वऱ्हाडचा कापूस वाहायला टाकलेली लाइन. 1994 मध्येच तिचं वाफेचं इंजिन जाऊन डिझेलचं आलं. पण रूळ तेच राहिले, अरुंद आणि थकलेले. शेवटी गाडी थांबली. प्रेम कमी नव्हतं बाप्पा, देखभाल कमी पडली. पीएचपीनं मात्र इंजिनही बदललं आणि रूळही.

पण रूळ बदलले की जुने डबे अडतात, हेही लक्षात ठेवा. मिनी दालमिल चालवणाऱ्या आपल्या एका विद्यार्थ्यानं स्वस्तात साइट करून घेतली. करणारा पोरगा पुण्याला गेला, फोन उचलेना. तिकडे होस्टिंगवाल्यानं जुनी आवृत्ती बंद केली. ऐन दिवाळीच्या तोंडावर साइट उघडली की नुसतं पांढरं पान! कारण काय, तर डेटाबेसशी बोलायच्या ज्या जुन्या आज्ञा वापरल्या होत्या, त्या सातव्या आवृत्तीतून काढून टाकल्या आहेत. चूक भाषेची नव्हती. विचारायचं राहून गेलं होतं.

म्हणून पैसे देण्याआधी हे चार प्रश्न विचारा :

1. डोमेन कोणाच्या नावावर? तुमच्याच पाहिजे.
2. होस्टिंगचा पासवर्ड तुमच्याकडे आहे का?
3. पीएचपीची कोणती आवृत्ती? आता प्रत्येक आवृत्तीला साधारण 4 वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, मग बंद. 7.4 ची मुदत 2022 मध्येच संपली.
4. दरवर्षी अपडेट आणि बॅकअप कोण करणार, किती रुपयांत? हे कागदावर घ्या.

"लेटेस्ट टेक्नॉलॉजी" ऐकून भुलू नका. गाडी घेताना जिचे पार्ट गावात मिळतात आणि जी कोणताही मिस्त्री खोलू शकतो, तीच घेतो ना आपण? वेबसाइटचंही तसंच. पीएचपी येणारा माणूस अकोला-अमरावतीत सापडतो. एक गेला तर दुसरा मिळतो.

आणि ताई, भाऊ, अजून वीसच गिऱ्हाइकं असतील तर साइटची घाई नको. व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग टाका, गूगलवर दुकानाचा पत्ता नोंदवा. ऑर्डर वाढल्या की साइट करा.

तुमची साइट आधीच असेल तर आजच तिसरा प्रश्न विचारा आणि काय उत्तर मिळालं ते कमेंटमध्ये लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!