तारा निघाल्या, आता जबडा?

दोन वर्षं तारा लावल्या, दात सरळ झाले, तरी हनुवटी पुढेच. मग डॉक्टर जबड्याचं ऑपरेशन सुचवतात आणि घरात सुरू होतं, "लग्नाआधी उरकून टाकू!" मैत्रिणींनो, इथे जरा थांबा.

तारांनी दात हलतात. वाढ पूर्ण झाल्यावर जबड्याचं हाड नाही. दोष हाडातच असेल तर शस्त्रक्रिया लागते, तीही वाढ थांबल्यावरच. तिच्यासाठी बहुतेक वेळा तारा पुन्हा लावाव्या लागतात. नंतर काही आठवडे पातळ, मऊ खाणं. खालचा ओठ बधिर होऊ शकतो, काहींचा कायमचा. खर्चाचं म्हणाल, तर निव्वळ दिसण्यासाठीची शस्त्रक्रिया विमा कंपनी नाकारू शकते.

म्हणून आधी मुलीलाच विचारा : घास चावताना त्रास होतो, की लोकांचं बोलणं टोचतं? त्रास असेल तर मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दुसरं मत जरूर घ्या. प्रश्न फक्त दिसण्याचा असेल, तर स्थळासाठी घाई नको. ओठ तिचा बधिर होणार, तर होकारही तिचाच हवा.