गुन्हेगार मेंदू आणि निरागस हात

जेम्स व्हेलचा 'फ्रँकेन्स्टाईन' (१९३१) भयपटांच्या इतिहासात अभिजात मानला जातो. मेरी शेलीच्या १८१८ च्या कादंबरीची ओळख पुष्कळांना प्रथम या चित्रपटातूनच होते. म्हणून त्याचे गुणदोष साहित्याच्या अभ्यासकांनीही तपासावेत असे आम्हांस वाटते. त्याची पटकथा जे सांगू पाहते, ते त्याची सर्वोत्तम दृश्येच खोडून काढतात, असे आमचे मत आहे.

आधी दोष पाहू. कादंबरीतला जीव मिल्टन, प्लुटार्क, ग्योथे वाचतो आणि आपल्या निर्मात्याला थेट जाब विचारतो. त्याचे क्रौर्य जन्मजात नाही. ते झिडकारले जाण्यातून आले आहे. चित्रपटाने त्याची वाचा काढून घेतली आणि हे कारणही बदलले. मदतनीस फ्रिट्झ वैद्यकाच्या वर्गातून मेंदू चोरताना दचकतो, निरोगी मेंदूची बरणी त्याच्या हातून फुटते आणि तो गुन्हेगाराचा मेंदू उचलून आणतो. झाले! निर्मात्याची नैतिक जबाबदारी एका फुटक्या बरणीवर ढकलली गेली. शेवटी पवनचक्कीसह तो जीव जळतो आणि फ्रँकेन्स्टाईनच्या घरी आनंदाने पेले उंचावले जातात.

तरीही हा चित्रपट मनातून जात नाही, याचे श्रेय बोरिस कार्लॉफचे. जॅक पिअर्सच्या रंगभूषेखाली त्याच्याजवळ उरतात ते जड पापण्यांचे डोळे आणि हात. छताची झडप उघडल्यावर तो जीव प्रकाशाकडे पाहतो आणि तो धरण्यासाठी हात उंचावतो. झडप बंद होते, तेव्हा तेच हात याचनेने निर्मात्याकडे वळतात. पुढे त्याच्या वाट्याला साखळदंड आणि फ्रिट्झची जळती मशाल येते. हे पाहताना गुन्हेगार मेंदूचा आपल्याला विसर पडतो.

तळ्याकाठचे दृश्य तर याहून बोलके आहे. लहानगी मारिया न भिता त्याला फुले देते. दोघे ती पाण्यावर सोडतात. फुले संपतात. मुलगीही तशीच तरंगेल या समजुतीने तो तिला पाण्यात टाकतो आणि ती बुडताच भांबावून पळत सुटतो. हा भाग अनेक वर्षे कापलेल्या स्वरूपात दाखवला जात असे. १९८० च्या दशकात तो पूर्ववत झाला. कापलेल्या प्रतींत त्याचे हात मुलीकडे वळताना दिसत आणि नंतर एकदम बापाच्या हातांवर तिचा देह. मधले काय ते प्रेक्षकाने कल्पावे! क्रौर्य झाकायला निघालेल्या कात्रीने त्या अजाण जीवाला अधिकच क्रूर ठरवले.

निर्मात्यावर उलटणाऱ्या निर्मितीला आपण मराठीत भस्मासुर म्हणतो आणि फ्रँकेन्स्टाईनचा दाखलाही त्याच अर्थाने देतो. ही तुलना आम्हांस अपुरी वाटते. भस्मासुराने वर मागितला आणि त्याला तो मिळाला. या जीवाने जन्मही मागितला नव्हता आणि त्याला साधे नावही मिळाले नाही. चित्रपटाच्या आरंभीच्या नामावलीतही त्याच्या भूमिकेपुढे नटाच्या नावाऐवजी प्रश्नचिन्ह आहे. प्रेक्षकांची उत्सुकता वाढवण्याची ती युक्ती असेल. पण हा राक्षस कोणी घडवला, असा प्रश्न म्हणून ते चिन्ह वाचायला हरकत नाही. पटकथेने त्याला दिलेले उत्तर मात्र विद्यार्थ्यांनी स्वीकारू नये.