घशातून हृदयाकडे

स्ट्रेप्टोकॉकस पायोजिनिस या जिवाणूने घसा धरला की गिळताना दुखते, ताप चढतो, टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसतात. औषध घेतले नाही तरी बहुतेकांना आठवडाभरात बरे वाटते. घात होतो तो इथेच. दोन-तीन आठवड्यांनी, दुखणे विसरल्यावर, ५ ते १५ वयातल्या मोजक्या मुलांना संधिवाताचा ताप येतो. जिवाणूशी लढायला सज्ज झालेली शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्याशी साम्य असलेल्या स्वतःच्याच पेशींवर उलटते. आज गुडघा, उद्या घोटा असे सांधे सुजतात आणि पूर्ववत होतात. हृदयाच्या झडपेचे तसे नाही. विशेषतः डावीकडची मिट्रल झडप जाड होते, पुढे गळू लागते किंवा अरुंद होते. कित्येक स्त्रियांना हे कळते ते थेट गरोदरपणात, धाप लागल्यावर. याच तापामुळे काही मुलांचे हातपाय आपोआप हलतात, अक्षर बिघडते, हातातली वस्तू पडते. अशा आजारी मुलाला धांदरट ठरवून रागावणे हा अन्यायच आहे.

हा ताप टाळता येतो. १९५०च्या सुमारास अमेरिकेत वायोमिंगमधल्या वॉरेन तळावर सैनिकांच्या घसादुखीवर पेनिसिलिन दिले, तेव्हा संधिवाताच्या तापाचे प्रमाण झपाट्याने घटले. घसा दुखू लागल्यापासून ९ दिवसांच्या आत औषध सुरू झाले तरी उपयोग होतो. मात्र गोळ्या पूर्ण १० दिवस घ्याव्या लागतात. तिसऱ्या दिवशी आराम पडला म्हणून त्या थांबवणे धोक्याचे. ज्याला हा ताप येऊन गेला, त्याला दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे लागते. इतक्या जुन्या, स्वस्त औषधाचा तुटवडा पडावा, हे कोणत्याही आरोग्यव्यवस्थेला शोभत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते कायम असायलाच हवे.

याच जिवाणूच्या संसर्गानंतर मूत्रपिंडाला सूज आली तर लघवी काळ्या चहासारखी होते, चेहरा सुजतो, रक्तदाब वाढतो. मुले बहुधा पूर्ण बरी होतात. पेनिसिलिनने हा विकार टळतोच असे नाही. टॉन्सिलमागे पू साठला की तोंड उघडत नाही, लाळही गिळवत नाही. तो पू तातडीने काढावा लागतो.

फ्युसोबॅक्टेरियम या वेगळ्या जिवाणूच्या घसादुखीनंतर, मुख्यतः तरुणांत, मानेतली शीर गुठळीने बंद होते आणि संसर्ग फुप्फुसांत पोचतो. फ्रेंच वैद्य आंद्रे लेमिएर यांनी १९३६ मध्ये वर्णिलेल्या २० रुग्णांपैकी १८ दगावले होते. प्रतिजैविकांमुळे आता बहुतेक वाचतात.

बरीचशी घसादुखी विषाणूंची असते, तिला प्रतिजैविक लागत नाही. नाक वाहणे आणि खोकला सोबत असेल तर ती शक्यता अधिक. शंका असल्यास घशातला स्राव तपासून निदान करता येते.