विश्लेषण : मुंबई २०५० पर्यंत 'नेट झिरो' होणार, पण विजेचे बटण कोणाच्या हातात?

मुंबई महापालिकेने १३ मार्च २०२२ रोजी हवामान कृती आराखडा जाहीर केला. शहराचे निव्वळ कार्बन उत्सर्जन २०५० पर्यंत शून्यावर आणण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. देशाने स्वतःसाठी २०७० ही मुदत ठरवली आहे, म्हणजे मुंबईने २० वर्षे आधीचा वायदा केला आहे. पहिला टप्पा जवळच आहे : २०१९ च्या तुलनेत २०३० पर्यंत ३० टक्के घट.

उत्सर्जन कशातून होते?

आराखड्यानुसार २०१९ मध्ये शहराचे उत्सर्जन सुमारे २.३४ कोटी टन होते. त्यातील जवळपास ७२ टक्के घरे, कार्यालये, दुकाने आणि उद्योगांत वापरल्या जाणाऱ्या वीज-इंधनातून होते. वाहतुकीचा वाटा सुमारे २० टक्के आणि कचऱ्याचा ८ टक्के. रस्त्यावरचा धूर डोळ्यांना दिसतो, म्हणून चर्चा त्याचीच होते. खरा प्रश्न विजेचा आहे, कारण मुंबईची बहुतांश वीज कोळशावर तयार होत आली आहे.

मग महापालिका काय करू शकते?

विजेबाबत थेट फारसे काही नाही. शहर भागात 'बेस्ट', उपनगरांत अदानी आणि टाटा, तर भांडुप-मुलुंडकडे महावितरण वीज पुरवते. यांपैकी 'बेस्ट' तेवढी महापालिकेची. वीजखरेदीचे करार आणि दर यांवर मोहोर राज्य वीज नियामक आयोगाची लागते. बाहेरून हरित वीज आणायची तर पारेषण वाहिन्याही पुरेशा हव्यात. खारघर-विक्रोळी वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली, तीही महापालिकेच्या अखत्यारीबाहेरची.

हाती उरते ते बांधकाम. जुन्या चाळी आणि सोसायट्या पाडून टॉवर उभे राहत आहेत. काचेचा दर्शनी भाग, खिडक्यांची दिशा, गच्चीवरचे उष्णतारोधक आवरण हे सारे नकाशातच ठरते आणि पुढची ५० वर्षे रहिवाशांच्या वीजबिलात उतरते. ऊर्जा संवर्धन कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतीही ऊर्जा संहितेच्या कक्षेत येऊ शकतात. भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी त्याची तपासणी झाली, तर आराखड्याला दात येतील. अडचण अशी की झोपडपट्टी पुनर्वसन, म्हाडाच्या वसाहती आणि वांद्रे-कुर्ला संकुल यांच्या परवानग्या वेगळ्या प्राधिकरणांकडे आहेत. विकास नियमावलीलाही अंतिम मंजुरी राज्य सरकारच देते.

पैसा कुठे जातो?

महापालिकेने २०२४-२५ साठी स्वतंत्र हवामान अर्थसंकल्प मांडला : सुमारे १०,२२४ कोटी रुपये, भांडवली खर्चाच्या जवळपास एक तृतीयांश. रक्कम मोठी आहे. पण तिचा मोठा वाटा पूरनियंत्रण आणि जलव्यवस्थापनाचा, म्हणजे मुंबईला दर पावसाळ्यात तसेही करावे लागणारे काम. ते आवश्यकच आहे, मात्र त्याने उत्सर्जन घटत नाही. अशा कामांवर 'हवामान' असा शिक्का मारल्याने खर्च फुगलेला दिसतो आणि ऊर्जा बचतीवर नेमके किती गेले, हे सामान्य माणसाला शोधावे लागते.

यावर सभागृहात जाब विचारणारेही नव्हते. नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली, आराखडा त्यानंतर सहा दिवसांनी आला आणि सुरुवातीची तीन वर्षे तो पूर्णपणे प्रशासकांच्या हाती राहिला.