१५ ते ५०च्या मधली गाडी

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर महिन्याला कुणीतरी विचारतंच, "ते भंगार कधी हलवणार?" भंगार म्हणजे काकांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी. गेल्याच रविवारी ती ठाण्याला जाऊन आली, स्वतःच्या चाकांवर.

ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मर्यादा संपली, तेव्हा आपण सगळ्यांनी काळी-पिवळीचे फोटो स्टेटसला टाकले. मीही टाकला. तीच गाडी बिल्डिंगखाली उभी असली की मात्र डोळ्यांत खुपते. फोटोला पार्किंग लागत नाही ना!

कायद्याची गंमत बघा. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी फिटनेस दाखवून नोंदणी नवी करायची, वर ग्रीन टॅक्स. एप्रिल २०२२मध्ये या नोंदणीची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली, २०२५मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांना १०,०००. आणि २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षं झाली की तीच गाडी 'व्हिंटेज', म्हणजे वारसा! काकांची पद्मिनी २०३६मध्ये वारसा होईल. तोवर ती गुन्हेगार. आणि वारसा झाल्यावर रॅलीत मिरवायची, रोज चालवायची नाही.

धुराचं म्हणाल तर मान्य. तिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, सुरक्षेतही ती आजच्या गाडीच्या जवळपास नाही. मग तपासणी कडक करा, दरवर्षी करा, नापास झाली तर काढा. पण पास झालेल्या गाडीला वयाचा दंड कशाला? मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे जुना कोड नीट चालत असेल तर त्याला कुणी हात लावत नाही, उलट तो समजणाऱ्या माणसाला जपतात.

पद्मिनी मला समजते, हाच मुद्दा आहे. मे महिन्यात घाटकोपरच्या ट्रॅफिकमध्ये ती बंद पडली, तर पंप तापून पेट्रोलची वाफ झालेली असते. पंपावर ओलं फडकं ठेवायचं, १० मिनिटं थांबायचं. सीबी पॉइंट घासायला पॉलिश पेपरचा तुकडा पुरतो. माझ्या स्वतःच्या ६ वर्षांच्या गाडीचा एक सेन्सर गेला, तर सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, अख्खं युनिट बदला. उघडून बघू का विचारलं, तर वॉरंटी जाईल म्हणाला. मग यातली भंगार कुठली?

ही गाडी कुर्ल्यात बनली आणि तिचे पार्ट आजही कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधले की मिळतात. गिऱ्हाईक संपलं की तेही दुकानदार मोबाईल कव्हर विकायला लागतील.

फिटनेस जूनमध्ये आहे. सध्या कार्बोरेटर आमच्या डायनिंग टेबलावर उघडा पडलाय, आणि आई दोघांशीही बोलत नाहीये.