खाली नाव लिहा

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हॉइस मेसेज फिरला. ‘सर्व पालकांना कळकळीची विनंती’ अशी सुरुवात, आणि मग एका बाईचा दबका आवाज. शेजारच्या गावात मुलं पळवणारी टोळी शिरली आहे, साधूच्या वेशात फिरतात, दोन मुलं उचलली, पोलिसांनी बातमी दाबून ठेवली आहे. सोबत फोटो. भगवी कफनी, खांद्याला झोळी, हातात डमरू घेतलेला एक म्हातारा, आणि त्याच्या तोंडाभोवती कुणीतरी काढलेला लाल गोल. कुठलं गाव, कुठली तारीख, कुणाची मुलं, काही नाही. मी पाठवणाऱ्यांना लगेच फोन केला. त्यांना त्यांच्या मेव्हण्याकडून आला होता, मेव्हण्याला ऑफिसच्या ग्रुपवरून. ‘खात्री नाही हो, पण काळजी घेतलेली बरी,’ असं ते म्हणाले.

माझा संताप आहे तो या वाक्यावर. काळजी घ्यायची तर मुलाला शाळेतून आणायला स्वतः जावं. एका अनोळखी म्हाताऱ्याचा चेहरा दोनशे घरांत पाठवणं याला काळजी म्हणत नाहीत.

नेहमीच्या वाचकांना माहीत आहे की मी मोबाइलची वैरीण नाही. ‘शुभ सकाळ’च्या गुलाबांची लोक टिंगल करत होते तेव्हा याच जागेवर मी त्या गुलाबांची बाजू घेतली होती, आणि ती आजही घेते. आमच्या थोरल्या काकू गावी एकट्या राहतात. सकाळी त्यांचा गुलाब आला की चार शहरांतल्या चार घरांना कळतं, काकू उठल्या, चहा झाला. एके दिवशी गुलाब आला नाही म्हणून पुतण्याने शेजाऱ्यांना फोन केला, तर काकू तापाने फणफणल्या होत्या. त्या दिवशी डॉक्टर घरी पोचले ते या गुलाबामुळे.

पण हा व्हॉइस मेसेज ऐकला आणि राईनपाडा आठवलं. 1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं हे आदिवासी गाव, आणि त्या दिवशी तिथे आठवडी बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली पाच माणसं भिक्षा मागायला आली होती, बहुतेक मंगळवेढ्याकडची. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे ही अफवा त्या भागात मोबाइलवरून आधीच पसरलेली. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारून टाकलं. त्यांनी एकही मूल पळवलं नव्हतं. त्या वर्षी देशभर जी चित्रफीत फिरत होती, मोटारसायकलवरून येऊन रस्त्यावरचं मूल उचलणाऱ्या दोघांची, ती मुळात पाकिस्तानात कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जनजागृतीची फिल्म होती. शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि पालकांसाठीचा फलक दाखवतात. तेवढा शेवट कुणीतरी कापला आणि उरलेला पुढे पाठवला. त्याच जुलैत व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणायला सुरुवात केली. पाच ठिकाणी म्हणजे तेव्हा पाच ग्रुप, आणि ग्रुप आमच्यासारखा दोनशे घरांचा असेल तर ती मर्यादा किती पुरणार होती? सप्टेंबर 2022 मध्ये सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंग्यात, पंढरपूरकडे निघालेल्या चार साधूंना याच संशयावरून मारहाण झाली. त्यांनी रस्ता विचारला होता. ते वाचले.

फोटोतला तो म्हातारा माझ्या मनातून जाईना. माझं माहेर सांगोल्याकडचं. आमच्याकडे सुगी झाली की गोसावी यायचे. दारात त्यांचा डमरूसारखा डवर वाजला की आजी सूप घेऊन बाहेर यायची, जोंधळे झोळीत पडायचे, पण गोसावी लगेच निघत नसे. पायरीच्या कडेला टेकून पाणी मागायचा आणि मग बातम्या सुरू व्हायच्या. तुमच्या धाकट्या लेकीच्या सासरी विहिरीला पाणी लागलं, अमक्याच्या घरी मुलगा झाला, तमक्याने बैलजोडी विकली. आजी उलटतपासणी घ्यायची. तू स्वतः पाहिलंस का? कुणी सांगितलं? कधी? तो सांगायचा, ‘आई, मी खोटं बोलीन तर पुढच्या साली याच दारात यायचंय मला.’ आजीचा त्याच्या शब्दावर विश्वास होता तो एवढ्यासाठीच. बातमी सांगणारा समोर उभा असायचा आणि पुढच्या वर्षी परत यायचा. आता सांगोला-मंगळवेढ्याकडच्याच अशा माणसांच्या तोंडाभोवती लाल गोल काढून आपण त्यांना चोर ठरवतो आहोत, आणि चोर ठरवणाऱ्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. या लोकांचं पोटच गावोगाव फिरण्यावर आहे. अनोळखी गावात शिरणं हा त्यांचा धंदा आहे, गुन्हा नव्हे. भगवी कफनी आणि झोळी एवढ्यावरून ज्याला गावात पाऊल टाकायची भीती वाटावी, त्या माणसाने खायचं काय?

आमच्याच ग्रुपवर पावसाळ्यात एक मेसेज आला होता, तो मी जपून ठेवला आहे. डेंग्यू झालेल्या एका मुलीसाठी प्लेटलेट्स हव्या होत्या. हॉस्पिटलचं नाव, वॉर्ड, रक्तगट, तारीख, किती वाजेपर्यंत हव्यात, आणि खाली वडिलांचं नाव व फोन नंबर. संध्याकाळपर्यंत दाते मिळाले. रात्री त्याच वडिलांनी लिहिलं, ‘गरज भागली, कृपया पुढे पाठवू नका.’ ती शेवटची ओळ फार मोलाची आहे. रक्त हवं असल्याच्या बिनतारखेच्या हाका महिनोन्‌महिने फिरत राहतात, रुग्ण बरा होऊन घरी गेला तरी त्याच्या बापाचा फोन वाजत राहतो, आणि खरी हाक येते तेव्हा लोकांनी तिकडे बघणंच सोडलेलं असतं.

दोन्ही मेसेज त्याच ग्रुपवरचे, त्याच माणसांनी पुढे पाठवलेले. एकाखाली नाव होतं, दुसऱ्याखाली नव्हतं. सोशल मीडिया चांगला की वाईट या वादात मला आता रस उरलेला नाही. मला एवढंच कळतं की ज्या मेसेजखाली कुणी आपलं नाव घालायला तयार नाही, तो मेसेज माझ्या मोबाइलमधून पुढे जाणार नाही.

ग्रुपच्या अ‍ॅडमिन मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. गाव, तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव नसलेला असा कुठलाही मेसेज दिसला की काढून टाका, आणि पाठवणाऱ्याला ग्रुपवर नव्हे, फोन करून सांगा. कुणाला खरोखरच संशय आला तर 112 ला फोन करा, मुलाच्या बाबतीत 1098 आहे. दोन्ही फोनवर तुम्हाला तुमचं नाव विचारतील. ते सांगा.