अंगठा आणि पोच

यंदा मला सगळ्यात जास्त छळलं ते एका अंगठ्याने.

मे महिन्यात नेहमीच्या लेखकांना या दिवाळी अंकासाठी पत्रं गेली. म्हणजे मोबाइलवरून निरोप गेले. त्याला पत्र म्हणायची खोड काही सुटत नाही. विषय, शब्दमर्यादा, मुदत, सगळं सविस्तर लिहिलं होतं. उत्तरादाखल एकेक पिवळा अंगठा आला. याचा अर्थ काय लावायचा? लेख देतो? वाचलं, बघू? की ‘बरं बरं, चला पुढे’? अंगठेवाल्या अकरांपैकी चौघांचे लेख आले. बाकीच्यांनी मराठीतल्या अर्थाने अंगठा दाखवला.

पूर्वी होकाराचं कार्ड यायचं, नकाराचंही यायचं. रजिस्टर पाकिटामागे सहीची पोचपावती यायची. १ सप्टेंबर २०२५ पासून टपाल खात्याने रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टात मिसळून टाकलं. पोच म्हणजे मिळाल्याची पावती आणि पोच म्हणजे समज. अंगठ्यात पहिली आहे, दुसरीचा पत्ता नाही.

‘न बोलता’ हा यंदाचा विभाग याच वैतागातून निघाला. संपादक जुन्या काळात रमले, असं कुणी म्हणेल. रमले तर रमले.

लहानपणी आजोबांबरोबर बैलबाजारात जायचो. घेणारा आणि देणारा समोरासमोर उभे, दोघांच्या हातांवर रुमाल टाकलेला आणि खाली बोटांची दाबादाबी. चेहरे मख्ख. दोन बोटं म्हणजे दोनशे की दोन हजार, हे बोटं सांगत नसत. शेजारी उभा असलेला, दात मोजून झालेला बैल सांगायचा. एकाने हात झटकला की सौदा फिसकटला. याच रुमालाखाली धान्याचाही भाव ठरे. तिथे मात्र दोन्ही हात अडत्या-व्यापाऱ्यांचे असत आणि ज्याचा माल तो शेतकरी नुसता रुमालाकडे बघत राही. पुढे बाजार समित्यांनी उघड लिलाव आणला तो उगाच नाही. तेव्हा न बोलण्याचे गोडवे गाताना जरा जपून.

आणखी एक. कर्णबधिरांच्या भाषेला ‘खाणाखुणा’ म्हणणारी ओळ एका लेखात होती, ती आम्ही काढली. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. ‘काय’, ‘कुठे’ हे शब्द तिथे वाक्याच्या शेवटी येतात आणि प्रश्नचिन्हाचं काम भुवया करतात. २०२१ मध्ये तिचा शब्दकोश १०,००० शब्दांवर गेला. हातांची असली तरी ती भाषाच आहे.

बाकी वर्षाचं काय सांगू? शाळेत पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा राज्य सरकारचा निर्णय जूनअखेर मागे घेतला गेला. सप्टेंबरच्या पावसाने मराठवाड्यातली उभी पिकं नेली. कागदाच्या भावाबद्दल बोलत नाही. अंक तुम्ही घेणारच आहात, तेव्हा घासाघीस नको.

आमच्या चाळीत दिवाळीला ज्या दारावर आकाशकंदील नसे, त्या घरातलं कुणीतरी वर्षभरात गेलेलं असे. कुणी सांगत नसे, विचारत नसे. एका वर्षी समोरच्या काकूंचं दार तसं होतं. आईने स्टीलच्या डब्यात खाली रव्याचे लाडू, मध्ये कागद आणि वर चकल्या भरल्या आणि डबा माझ्या हातात दिला.

“काय सांगू?”

“काही नाही. डबा ठेव आणि ये.”

काकूंनी डबा घेतला. माझ्या शर्टाचं वरचं बटण उघडं होतं, ते लावलं आणि आत गेल्या.

भाऊबीज झाल्यावर डबा घासूनपुसून परत आला. तळाशी वाटीभर साखर होती. आईने ती आमच्या साखरेत मिसळली नाही. वेगळ्या बरणीत काढली आणि दुपारी काकूंना चहाला हाक मारली.